अठराशे एकावी कोंबडी

१

चोरी झाली की माणूस मोजायला बसतो आणि काहीतरी कमी भरतं. पण माकणी शिवारात, धरणाच्या काठावरच्या एका वस्तीवर यंदाच्या जानेवारीत मोजलं, तर एक जास्त भरलं.

जास्त भरली ती कोंबडी. आणि तीही मेलेली!

पांढरे सूट घातलेलं पथक मोनिकाच्या शेडातून शेवटचा पक्षी नष्ट करून बाहेर आलं आणि आकडे जुळवायला बसलं. ऑगस्टात आत सोडलेल्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, अठराशे. पुढच्या महिन्यांत या ना त्या कारणानं गेलेल्या सदतीस. बर्ड फ्लूनं मेलेल्या चारशे बारा. पथकानं मारलेल्या तेराशे बावन्न. बेरीज करून बघा. मी बोटांवर केली, खडूनं भिंतीवर केली, शेवटी शेजारच्या मास्तराकडून करवून घेतली. अठराशे एक!

"मोजण्यात चुकलं असंल," मोनिका म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी शेडाइतकाच रिकामा होता.

"दोनदा मोजल्यात, ताई," पथकाचा प्रमुख म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

आता हे शेड कसलं होतं ते ऐका. त्यात शिरायचं तर मुंगीलाही चप्पल बदलावी लागायची. दुहेरी जाळी. दाराबाहेर चुन्याचा पट्टा, मग औषधाच्या पाण्यात पाय, मग आतली वेगळी चप्पल. किल्ली एकच, मोनिकाच्या गळ्यात. चिमणीनं जाळीवर बसून आत डोकावलं तरी मोनिका तिला नाव-गाव विचारायची. अशा ठिकाणी रोग शिरला, आणि वर एक कोंबडीही शिरली!

पण त्या दिवशी जास्तीच्या कोंबडीचा विचार करायला कुणाला सवड होती? एक किलोमीटरच्या वर्तुळातल्या घराघरातल्या कोंबड्या पथकानं नेल्या. वस्ती संतापली. सगळ्यात पुढं बलभीम. सत्तरी गाठलेला, आवाज लाउडस्पीकरचा. कुंपणाशी उभा राहून तो ओरडत होता, "धडधाकट कोंबडी आत जाती आन् चौथ्या दिशी मरती! असलं हे शेड! हिनंच रोग पैदा केला आन् आमच्या दारात सोडला!"

दोन महिने वस्तीवर कोंबडा आरवला नाही. एका घरी तर सकाळचा चहा दुपारच्या भाकरीबरोबर होऊ लागला, असं म्हणतात. आणि मार्चमध्ये बलभीमनं ठराव आणला: या शिवारात मोनिकानं पुन्हा कधीही कोंबड्यांचं शेड चालवू नये. सोमवारी ग्रामसभा. ठराव मंजूर झाला की शेडाला कायमचं कुलूप, आणि मोनिकानं कळंबला नोकरीला असलेल्या नवऱ्यामागं जाऊन भाड्याच्या खोलीत दिवसभर भिंती बघायच्या. स्वतःच्या हातानं उभं केलेलं तिचं एवढं एकच काम होतं.

शनिवारी तिनं एक फोन लावला.

"शरणप्पा आप्पा, परवा माझ्या शेडाला फाशी हाय. येता का?"

२

शरणप्पा उमरग्याकडचे. छत्तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून गावोगाव फिरले, आता निवृत्त. कोंबडीच्या चालीवरून तिच्या आजीनं काय खाल्लं होतं ते सांगायचे. एकदा शिंकणाऱ्या म्हशीला त्यांनी चष्म्यावरून नुसतं "हं?" असं विचारलं आणि म्हैस ओशाळून बरी झाली. मोनिकाला लस टोचायला त्यांनीच शिकवलेलं.

रविवारी सकाळी एसटीतून उतरले ते थेट शेडावर. दार बघितलं. चुना बघितला. मग शेडाच्या मागच्या टोकाला जाऊन थांबले.

"हे काय?"

"अंड्याची खिडकी," मोनिका म्हणाली. हातभर रुंदीचं झाकण, आतून कडी. "मंगळवारी टेम्पो येतो. मी आतून ट्रे देते, बाहेरून घेतात. बाकी सहा दिवस बंद."

"आन् पहिली कोंबडी कुठं मेली?"

मोनिकानं खिडकीच्या खालची जागा दाखवली. "इथंच. शुक्रवारी सकाळी. एकच होती. शनिवारी एकोणीस, रविवारी शंभरावर. पुढं मोजवंना."

शरणप्पा खिडकीपासून दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. "साठ पावलं. रोग तुझ्या पायानं आला असता तर दाराशी बसला असता, पोरी. साठ पावलं चालत येऊन ह्या कोपऱ्यातलीच कोंबडी कशाला धरंल?"

"माझ्याबी डोक्यात तेच फिरतंय. सगळ्यांना खाद्य एक, पाणी एक. मग पहिली हीच कशी?"

"तिचा फोटो हाय?"

होता. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना पाठवायला काढलेला. शरणप्पांनी मोबाइल नाकाशी नेला, लांब धरला, दोन बोटांनी फोटो मोठा करायला गेले तर आधी मोनिकाच्या भाचीच्या बारशाचा फोटो उघडला. शेवटी कोंबडी सापडली. तांबडी, डोळे मिटलेली, तुरा निळा पडलेला. त्यांनी फक्त तिचं डोकं मोठं केलं.

"अय्यो," ते पुटपुटले. "तुझ्या कोंबड्यांच्या चोची कोण छाटतं?"

"आणतानाच छाटलेल्या असत्यात. एकमेकींना टोचू नयेत म्हणून."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या, आप्पा. अठराशेच्या अठराशे."

शरणप्पांनी मोबाइल तिच्यापुढं धरला. फोटोतल्या कोंबडीची चोच खालपर्यंत वळलेली, टोकदार, शाबूत होती.

मोनिकानं फोटो डोळ्यांपाशी नेला. "ही माझी न्हाय!"

"न्हायच. तुझी पहिली मेलेली कोंबडी तुझी नव्हतीच. हीच ती अठराशे एकावी." शरणप्पांनी चष्मा पुसला. "आन् खुनाचा पहिला बळी म्हणून आपण जिच्यावर हळहळलो ना, तीच मारेकरी. चोच न छाटलेली म्हणजे कुणाच्या तरी दारची गावरान, आन् कुणीतरी तिला आत सोडलंय."

३

शुक्रवारच्या आधी खिडकी उघडली ती मंगळवारीच, आणि त्या मंगळवारी खिडकीपाशी तिघं होते. टेम्पोवाला इंद्रजित, मोनिकाची सासू दगडाबाई, आणि बलभीम. बलभीम दर मंगळवारी यायचा, शेडातल्या माश्यांवरून भांडायला. इतका नेमानं की मोनिका त्याच्या ओरडण्यावर घड्याळ लावायची.

वस्तीचा संशय आधीपासून इंद्रजितवर. डझनभर शेडांची धूळ टेम्पोला लागलेली. तो चौकात टायर धुवत होता.

"आप्पा, माझ्यावर नका घेऊ," शरणप्पांना बघताच तो म्हणाला. "म्या बारा शेडांवर जातो. अकरा ठिकाणच्या कोंबड्या आजबी उभ्या हायत. टेम्पोनं रोग वाटला असता तर एकट्या मोनिकावैनींनाच प्रसाद दिला असता का?"

"पटलं," शरणप्पा म्हणाले. "गाडीत कधी गावरान कोंबडी?"

"अंड्याच्या ट्रेवर कोंबडी बसवून न्यायला म्या काय येडा हाय?"

"मग त्या मंगळवारचं सांग. वैनी शेवटचा ट्रे आणायला आत गेली तवा तू कुठं?"

इंद्रजितनं टायरवर पाणी मारलं. "टेम्पोच्या तोंडाला. फोनवर. बायकोचा व्हता, खोटं कशाला बोलू."

"आन् बलभीमआबा?"

"खिडकीपाशी. पर त्या दिशी नवलच झालं बगा." इंद्रजित हसला. "येरवी अर्धा तास शिव्या देत्यात. टेम्पो भरस्तोवर माझी करमणूक. त्या दिशी पाच मिन्टात गप! घोंगडी सावरली आन् गेले. म्या म्हनलं, आबांचं पोटबिट दुखतंय का."

"घोंगडी? किती वाजले व्हते?"

"दुपारचे दोन असतील. ऊन असं की टेम्पोच्या पत्र्यावर पापड भाजला असता."

चौकातून निघताना शरणप्पा शीळ वाजवत होते, आणि ओळखणाऱ्यांना ठाऊक होतं की शरणप्पा एरवी फक्त गाभण म्हैस उठून उभी राहिली तरच शीळ वाजवतात.

४

दगडाबाई अंगणात ज्वारी पाखडत बसलेली. शरणप्पांना बघून सूप आणखी जोरात हलायला लागलं.

"अक्का, तुम्ही त्या मंगळवारी खिडकीपाशी व्हता."

"व्हते की. पहिल्यापासनं शेवटपतोर. ट्रे मोजत. जागची हलले न्हाय."

"मग मोनिका आत गेली तवा खिडकीत कुणी हात घातला?"

सूप थांबलं.

"आत्याबाई," मोनिका हळूच म्हणाली, "खरं सांगा. उद्या माझं सगळं जाईल."

दगडाबाईनं पदर तोंडाला लावला. "बया, काय सांगू! शेळी वरच्या रानात शिरली व्हती. हरभऱ्यात. म्या तिला हाकलाय गेले. परत आले तर तू खिडकी लावत व्हतीस. तू म्हनली असतीस, आत्याबाई एवढं एक काम सांगितलं तर तेबी न्हाय केलं. म्हून म्या..."

"म्हणून दोन महिने गप्प राहिलात?"

"तुझी जीभ काय कमी हाय का?" दगडाबाई उसळली, आणि दोघी एकदम हसल्या.

शरणप्पांनी गूळ-पाणी मागून घेतलं. "अक्का, शेडात जायचं असलं तर तुम्ही काय करता?"

"दारातनं जाते. चप्पल बदलून, पाय बुचकळून. सुनेचा हुकूम."

"म्हणजे तुम्हाला कोंबडी आत सोडायची असती तर खिडकी लागली नसती. खिडकी त्याला लागते, ज्याला दार न्हाय." शरणप्पांनी मान हलवली. "आता एक सांगा. पूर्वी घरच्या कोंबड्यांत मानमोडी शिरली की तुम्ही बाया काय करायचा?"

"काय करनार? मरायच्या त्या मरायच्या. पर एखादी धड दिसली की तिला बियाला ठेवायची. दुसऱ्याच्या घरी, न्हायतर दुसऱ्या गावाला. रोग सरला की परत आणायची. वाण बुडू द्यायचा न्हाय. माझ्या सासूनं सास्तूरच्या बहिनीकडं ठेवली व्हती एकदा."

"आन् त्या बहिणीच्या कोंबड्या?"

दगडाबाईनं बराच विचार केला. "त्याबी मेल्या. आमाला वाटलं, नशीब."

मोनिकानं कपाळावर हात मारला. शरणप्पांनी मात्र गुळाचा खडा तोंडात टाकला. "त्या आठवड्यात शेडातली अंडी सारखीच व्हती?"

"न्हाय," मोनिका म्हणाली. "बुधवारी एक वेगळं आलं. बारकं, फिकट. माझी सगळी तपकिरी. मला वाटलं, एखादी कोंबडी बिघडली. बाजूला ठेवलं होतं, ते गायब झालं."

दगडाबाईनं पुन्हा सूप हातात घेतलं. "गायब कशाला व्हतंय? म्या तळून खाल्लं. चांगलं कडक करून. लई दिसांनी गावरान चव लागली."

५

दुपारी डॉक्टर आरोही आल्या, पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेतून आलेला अहवाल हातात होता आणि चेहऱ्यावर असं काही होतं की गाडी स्टँडवर लावायचंही विसरल्या.

"आप्पा, बातमी मोठी आहे! पण उद्या सभेत मी ही कशी सांगू? कुणाला कळणार नाही."

"मला सांगा. मला कळलं तर बैलालाबी कळंल."

आरोहींनी तीन गोष्टी सांगितल्या. धरणावर हिवाळ्यात उत्तरेकडून चक्रवाक आणि तलवार बदकं येतात. त्यांच्या विष्ठेत हा विषाणू सापडला. बदकं मात्र ठणठणीत होती. त्यांच्या पोटात हा विषाणू पाहुण्यासारखा राहतो, कोंबडीच्या अंगात गेला की दरोडेखोर होतो. दुसरं, तो स्वतःच्या नकला काढत पसरतो आणि नकला काढताना चुका करतो. झालेली चूक पुढच्या नकलेत जाते. तिसरं, धरण, वस्तीवरची घरं आणि मोनिकाचं शेड, तिन्हीकडच्या विषाणूंत थोडा थोडा फरक होता.

"थांबा," शरणप्पा म्हणाले. "गेल्या दिवाळीतला बिबट्या आठवतो?"

कुणाला आठवत नव्हता! धरणाकाठी एका मेंढक्याला पंजाचा ठसा दिसला. वस्तीवर येईपर्यंत ठशावर बिबट्या उभा राहिला. सास्तूरला पोचेपर्यंत बिबट्याला दोन बछडी झाली. लोहाऱ्यात तर त्यानं एसटी अडवून अर्धं तिकीट मागितलं, असं मी स्वतः सांगितलंय.

"आता एखादा माणूस 'बिबट्या आला' एवढंच सांगत असला, बछड्यांचं नावबी काढत नसला, तर त्यानं गोष्ट सास्तूरकडनं ऐकली असंल का?"

"न्हाय," मोनिका म्हणाली. "सास्तूरकडून ऐकली असती तर बछडी आली असती."

"बरोबर!" आरोही टाळी वाजवून उठल्या. "धरणावरच्या बदकांत नुसता ठसा. वस्तीवरच्या आठ घरांच्या कोंबड्यांत बिबट्या. आठही घरांत तेवढाच. आणि शेडात बिबट्या, शिवाय बछडी!"

मोनिकाला कळायला क्षणभर लागला. मग ती उभी राहिली. "म्हणजे वस्तीला रोग माझ्याकडून न्हाय गेला?"

"नाही. बछडी फक्त तुझ्या शेडात आहेत, बाहेर एकाही घरात नाहीत. तुझं शेड या गोष्टीच्या शेवटी आहे, सुरुवातीला नाही."

"पण घरच्या कोंबड्या माझ्यानंतर मेल्या ना, मॅडम?"

"मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या. पहिल्या चार-दोन मेल्या तर मानमोडी म्हणून कुणी पुरल्या असतील. कोण सांगायला येतंय?"

मोनिकाचे डोळे भरले. शरणप्पा मात्र हसले नाहीत. "कागद चांगला हाय. पर बलभीम उद्या एकच विचारणार. बंद शेडात रोग शिरला कसा? त्याला उत्तर न्हाय मिळालं तर हात वर होणारच. मला ती कोंबडी कुणाची व्हती ते पाहिजे." त्यांनी टोपी घातली. "चला, घोंगडीवाल्याकडं."

६

बलभीमच्या घरामागं रिकामं खुराडं होतं. रिकामं असूनही झाडलेलं, आत ताजा भुसा. ओसरीवर त्याच्या बायकोचा, सिताबाईचा फोटो. तिला जाऊन चार वर्षं झालेली.

"शेडवालीच्या बाजूनं आलाय, माहितीय," बलभीम बाजेवरून न उठता म्हणाला.

"मी कोंबड्यांच्या बाजूनं हाय, बलभीमराव. जन्मभर. तुमची गाळपेर हाय ना धरणाच्या पोटात?"

होती. हिवाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की ओला गाळ उघडा पडतो आणि लोक त्यात हरभरा टाकतात. राखणीला खोप. बलभीमची खोप पाण्याच्या अगदी काठाला.

"खोपीवर कोंबड्या व्हत्या?"

"व्हत्या. सहा. गोगलगाई खाऊन झाक झालत्या."

"आन् बदकं?"

"बदकं तर काय, माझ्याच बांधावर झोपायची. ढीगभर."

"पथकानं त्या सहा नेल्या?"

"खोपीपतोर आलेच न्हाय कुणी. वर्तुळाच्या भाईर व्हती."

"मग आता कुठं हायत त्या?"

बलभीमनं पाय हलवला. "कोल्ह्यानं नेल्या."

"सहाच्या सहा?"

"कोल्हा मोजत न्हाय."

ओसरीच्या कडेला उभ्या मोनिकालाही हसू आलं. शरणप्पांनी मोनिकाचा मोबाइल घेतला, तांबड्या कोंबडीचा फोटो उघडला, आणि बाजेवर ठेवला.

बलभीमनं बघितलं. त्यानं एक बोट पुढं केलं, काचेजवळ नेलं, आणि मागं घेतलं.

"मेलेली कोंबडी काय बगायची," तो भिंतीकडं तोंड फिरवून म्हणाला. "जावा तुमी. उद्या सभेत बोला काय बोलायचं ते."

७

सोमवारी सकाळी ग्रामपंचायतीपुढं एवढी माणसं जमली की सावली अपुरी पडून लोक एकमेकांच्या सावलीत बसले. सरपंचांनी ठराव वाचला. डॉक्टर आरोहींनी बिबट्या आणि बछडी सांगितली. माना हलल्या, पण बलभीम उठलाच.

"बिबट्या ऱ्हाऊ द्या तिकडं! हिच्या शेडाला दुहेरी जाळी, कुलूप, चुना. मग आत रोग काय आभाळातनं पडला?"

"खिडकीतनं पडला," शरणप्पा म्हणाले. "बसा. सांगतो."

त्यांनी चार बोटं वर केली, आणि सांगण्याच्या भरात त्यांची मोजणी पाचावर गेली, ते कुणी मनावर घेतलं नाही. शेडात एक कोंबडी जास्त भरली. बुधवारी एक गावरान अंडं पडलं, त्याला साक्षीदार दगडाबाईंची जीभ. पहिली मेलेली कोंबडी खिडकीखाली सापडली आणि तिची चोच शाबूत. म्हणजे मंगळवारी अंड्याच्या खिडकीतून कुणीतरी बाहेरची कोंबडी आत सोडली. ती रोग घेऊनच आली होती.

सभेत एकच गलका उडाला. "कोण? कोण त्यो?"

"खिडकीपाशी तिघं व्हते. इंद्रजितला गावरान कोंबडी न्हाय, आन् त्याच्या टेम्पोनं बाकी अकरा शेडं धड ठेवली. दगडाबाईंना दार उघडं हाय, त्यांना खिडकी कशाला? राहिला तो, जो भर दुपारी घोंगडी पांघरून आला, पाच मिनिटांत भांडण उरकून गेला. घोंगडीखाली कोंबडी घेऊन अर्धा तास भांडता येत न्हाय. ती ओरडते."

सगळ्या माना बलभीमकडं वळल्या.

"पुरावा काय?" तो ओरडला, पण अर्ध्याच आवाजात.

"तुमचंच बोलणं, बलभीमराव. कुंपणाशी तुम्ही ओरडला, धडधाकट कोंबडी आत जाते आन् चौथ्या दिवशी मरते. मोनिकाच्या शेडात कोंबड्या गेल्या ऑगस्टात, सगळ्या एकाच दिवशी. त्यानंतर त्या शेडात जाणारी कोंबडी अख्ख्या जगात एकच. मंगळवारी गेली, शुक्रवारी मेली. चौथा दिवस. हे मोनिकाला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं, पथकाला नव्हतं. ज्यानं सोडली त्यालाच ठाऊक."

बलभीम उभाच होता. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात चुरगाळली.

"म्या सोडली," तो म्हणाला. "खोपीवर पाच मेल्या. म्या पुरल्या. वाटलं मानमोडी हाय. सहावी धड व्हती. सिताबाई सास्तूरची. भूकंपात माहेरचं घर पडलं, तवा ढिगाऱ्यातनं एक कोंबडी जिती निघाली. ती घेऊन आली इथं. तिच्या वाणाची ही शेवटची व्हती. बियाला ठेवायची म्हनलं तर कुणाकडं ठेवू? समदीकडं मोकळ्या कोंबड्या. तवा ह्या पोरीचं शेड दिसलं. चिमणीला बी आत जाऊ देत न्हाय. म्हनलं, हितं मरण पोचत न्हाय. शुक्रवारी कुंपणाशी आलो, तर ही पोर तिलाच मेलेली भाईर आणत व्हती."

"आन् आमच्या घरच्या?" मागून एक बाई ओरडली.

"खोपीवरनं तसाच यायचो. गाळाच्या चपला घालून. वस्तीभर फिरायचो." हे मात्र त्याला त्याच क्षणी कळलं असावं, कारण तो आपल्या पायांकडं बघत राहिला. "मला वाटलं, शेडानं माझी कोंबडी खाल्ली. ती धड गेली व्हती आत. दिसत तरी धड व्हती. दोन म्हैने मला झोप न्हाय, ह्या पोरीच्या रागानं."

मोनिका पुढं आली. तिच्या गळ्यातली किल्ली ओढणीबाहेर आली होती.

"अठराशे जीव होते, आबा. शेवटच्या दिवशी पथकाला मीच धरून देत होते. मला घाबरत न्हाईत म्हणून." तिनं किल्ली मुठीत धरली. "तुम्ही येऊन नुसतं सांगितलं असतं, माझ्या कोंबड्या मरतायत म्हणून, तर मी त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना तुमच्या खोपीवर नेलं असतं."

"भ्यालो पोरी. नेत्याल म्हून भ्यालो." बलभीमनं टोपी सरळ करायचा प्रयत्न केला. "अख्ख्या शिवारात तुझ्या शेडाएवढी जपलेली जागा न्हवती. म्हून तर तिथं ठेवली."

मोनिका सरपंचांकडं वळली. डोळे पुसायचेही राहिले होते.

"सरपंच, जुना ठराव खोडा. आता आबा बोलले ना, तेवढंच एक वाक्य लिहा. जसंच्या तसं."

सरपंचांनी आरोहींकडं बघितलं. "नियमात बसतंय का, मॅडम?"

"शेड धुऊन झालंय, रिकामं ठेवायची मुदत पुढच्या महिन्यात संपते. नमुने चांगले आले की नवे पक्षी आणायला हरकत नाही," आरोही म्हणाल्या. "फक्त वस्तीवर कोंबडी मेली की पुरायची नाही, आधी फोन करायचा. तेही लिहा."

ग्रामसेवकानं लिहिलं. मग जाहीर वाचून दाखवलं: "या शिवारात मोनिका यांच्या शेडाएवढी जपलेली जागा नाही. सबब शेड पुन्हा सुरू करण्यास ग्रामसभेची संमती आहे. वस्तीवर कोंबडी मेल्यास न पुरता आधी दवाखान्यास फोन करावा." वाचून त्यानं मान वर केली. "सूचक कोण?"

बलभीम पुढं गेला, पेन घेतलं, आणि कागद फाटेल इतक्या जोरानं आपलं नाव लिहिलं.

"अनुमोदक?"

"म्या!" दगडाबाई उभी राहिली. "आन् ह्यापुढं मंगळवारी खिडकीपाशी म्या बसणार. शेळी अख्खा हरभरा खाईना का!"